विषाणू आणि जनुकांची अभिव्यक्ती : चिकुनगुन्याच्या निमित्ताने

पावसाळा सरता सरता वैद्याच्या दवाखान्यात ज्वराचे रुग्ण वाढू लागतात. पाऊल जपून टाकणारा, हाताची मूठ पूर्ण न मिटणारा, उठताना दोन्ही हात टेकणारा रुग्ण दाराशी दिसला की आपल्या भागातील कोणत्याही वैद्याच्या मनात प्रथम चिकुनगुन्याचे नाव येते. २००६ च्या साथीने हे चित्र मराठवाड्याच्या स्मरणात कायमचे कोरले आहे. त्या वर्षी नुकताच व्यवसाय सुरू केलेल्या आमच्या पिढीतील वैद्यांना तर ज्वरचिकित्सेचे आणि संधिशूलचिकित्सेचे धडे या एकाच व्याधीने दिले.

या व्याधीवर आपल्या वर्तुळात पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. परंतु त्यातील बहुतांश चर्चा लक्षणे आणि योग यांच्याभोवती फिरते. विषाणू शरीरातील पेशीत शिरून नेमके काय करतो, हा प्रश्न आपण सहसा प्रयोगशाळेवर सोपवून मोकळे होतो. गेल्या काही वर्षांत मात्र या प्रश्नाची बरीच स्पष्ट उत्तरे मिळाली आहेत. औषध कोणत्या अवस्थेत द्यावे, त्याविषयी किती दावा करावा आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर किती विश्वास ठेवावा, या तिन्ही व्यावहारिक गोष्टींशी त्या उत्तरांचा थेट संबंध आहे. म्हणून प्रस्तुत लेखाचा हा प्रपंच.

बार्शीची साथ आणि त्यानंतर

चिकुनगुन्याचा विषाणू प्रथम १९५२-५३ च्या साथीत आफ्रिकेतील टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियात सापडला. तेथील मकोंडे भाषेत या नावाचा अर्थ वाकवणारा, वाकून जायला लावणारा असा आहे. लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘चिकन’शी या नावाचा काहीही संबंध नाही. भारतात हा विषाणू १९६३ साली कोलकात्यात आढळला. पुढे चेन्नई, वेल्लोर, नागपूर अशा ठिकाणी साथी आल्या.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची साथ १९७३ सालची, बार्शीची. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी ती आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे, आणि येडशी, भूम, परांडा या भागाचा बाजार व दळणवळण पिढ्यानपिढ्या बार्शीशी जोडलेले आहे. त्या साथीचा अभ्यास पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केला. १९५२ साली स्थापन झालेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. बार्शीनंतर हा विषाणू आपल्या देशातून जवळजवळ दिसेनासा झाला. २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या डासांत तो पुन्हा सापडला, आणि २००५-०६ मध्ये त्याने मोठ्या साथीचे रूप घेतले. २००६ च्या ऑक्टोबरपर्यंत देशात साडेबारा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली होती. त्यांपैकी साडेसात लाखांहून अधिक एकट्या कर्नाटकात आणि सुमारे दोन लाख एकोणसाठ हजार महाराष्ट्रात होते.

पुण्याच्या संस्थेने दोन्ही काळांतील विषाणूंची तुलना केली. १९६३ ते १९७३ या काळातील विषाणू आशियाई प्ररूपाचे होते, तर २००५-०६ चा विषाणू पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेत आढळणाऱ्या प्ररूपाचा होता. म्हणजे बार्शीच्या साथीतील आणि आपल्या पिढीने पाहिलेल्या साथीतील व्याधीचे नाव एकच असले, तरी त्या विषाणूच्या दोन भिन्न शाखा होत्या.

पेशीचा नित्य व्यवहार

विषाणूने केलेला बिघाड समजण्यासाठी पेशीचा निरोगी व्यवहार आधी ध्यानात घ्यावा लागेल. मानवी पेशीच्या केंद्रकातील डीएनएमध्ये प्रथिनांची कृती सांगणारी सुमारे वीस हजार जनुके आहेत. यकृताच्या पेशीत जी जनुके आहेत तीच त्वचेच्या पेशीतही आहेत. तरीही यकृत यकृताचे आणि त्वचा त्वचेचे काम करते. याचे कारण असे की प्रत्येक पेशी सर्व जनुके एकाच वेळी वापरत नाही. स्थान, काळ आणि गरज यांनुसार ती काही जनुके वाचते, तर काही मिटून ठेवते. जनुकात साठवलेली माहिती अशा रीतीने प्रत्यक्ष कार्यात उतरणे, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

या अभिव्यक्तीचे दोन प्रमुख टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात केंद्रकातील डीएनएवरील मजकुराची नक्कल आरएनएच्या रूपात उतरवली जाते. यास प्रतिलेखन म्हणतात. प्रथिनांचे संदेश लिहिण्याचे हे काम आरएनए पॉलिमरेज-२ नावाचे विकर करते. दुसऱ्या टप्प्यात हा संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर पेशीद्रवात येतो आणि रायबोसोमवर त्यानुसार प्रथिन घडते. यास भाषांतरण म्हणतात. ग्रंथ तिजोरीतच राहतो, लेखनिक हव्या त्या पानाची नक्कल करून बाहेर पाठवतो आणि पाकशाळेत त्या नकलेवरून योग सिद्ध होतो, असा दृष्टान्त घेतला तर आपल्या औषधनिर्मात्या वाचकांना हा व्यवहार सहज उमगेल.

पेशीच्या संरक्षणाची व्यवस्थाही याच मार्गाने चालते. परका आरएनए आत शिरल्याचे पेशीतील काही प्रथिने ओळखतात आणि केंद्रकाला तशी सूचना देतात. मग इंटरफेरॉनचे जनुक वाचले जाते, इंटरफेरॉन प्रथिन बनते, पेशीबाहेर पडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी या द्रव्याचा शोध लावला. इंटरफेरॉन आधीपासून तयार करून साठवलेला नसतो, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयाची आहे. सूचना मिळाल्यावर जनुक वाचले गेले, तरच तो घडतो. विषाणू आघात करतो तो नेमका येथे.

पहिले काही तास

चिकुनगुन्याचा विषाणू अत्यंत लहान आहे. त्याची संपूर्ण जनुकीय माहिती सुमारे ११,८०० अक्षरांच्या एका आरएनए धाग्यात सामावते, तर मानवी डीएनएत सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. इतक्या तुटपुंज्या सामग्रीत विषाणूजवळ स्वतःचे रायबोसोम नाहीत आणि ऊर्जा निर्माण करण्याचे साधनही नाही. म्हणून पेशीची पाकशाळा चालू राहणे त्याला आवश्यक असते. तेथे संदेश मात्र त्याला स्वतःचेच हवे असतात.

डास चावल्यानंतर हा विषाणू त्वचा, स्नायू आणि सांध्याभोवतालच्या संयोजी ऊतींतील पेशी, विशेषतः तंतुजनक पेशी गाठतो. त्याचा आरएनए पेशीद्रवात उतरताच पेशीचे रायबोसोम त्याला आपलाच संदेश समजून त्यावरून प्रथिने घडवतात. त्यांपैकी चार प्रथिने विषाणूची आवृत्ती काढण्याचे काम करतात. एनएसपी-२ हे त्यांतील एक. हे प्रथिन विषाणूची लांब प्रथिनसाखळी योग्य जागी छेदते. त्याशिवाय त्याचा काही अंश पेशीच्या केंद्रकात जातो. विषाणूची स्वतःची सर्व निर्मिती पेशीद्रवात चालते, त्याला केंद्रकाची गरज नाही. मग त्याचे प्रथिन तेथे कशासाठी जाते?

२०१२ साली अमेरिकेतील फ्रोलोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. वर उल्लेखिलेल्या पॉलिमरेज-२ विकराचा मुख्य घटक आरपीबी-१ या नावाने ओळखला जातो. एनएसपी-२ केंद्रकात शिरल्यावर या घटकावर पेशीतीलच त्याज्य प्रथिनांची खूण चढते आणि पेशीची स्वतःची विल्हेवाट यंत्रणा त्याचा नाश करते. साधारण सहा तासांत हा घटक नाहीसा होतो. ग्रंथ शाबूत राहतो, परंतु लेखनिकच उरत नाही. पेशीचे नवे संदेश थांबतात, आणि इंटरफेरॉनचा संदेशही त्यांतच येतो.

हा विषाणू एवढ्या एकाच उपायावर विसंबत नाही. मानवी तंतुजनक पेशींवरील प्रयोगांत असे आढळले की काही वेळा इंटरफेरॉनचा संदेश लिहिला जातो, पण त्यावरून प्रथिन घडत नाही, कारण भाषांतरणाचा टप्पाही रोखलेला असतो. त्यातूनही शेजारच्या पेशीकडून इंटरफेरॉन आला, तर त्याची वर्दी केंद्रकापर्यंत नेणारा मार्ग एनएसपी-२ अडवतो. लेखन, पाक आणि वर्दी या तिन्ही ठिकाणी अशी नाकेबंदी होते.

डासाच्या पेशीत मात्र हाच विषाणू सहसा पेशीचा नाश न करता दीर्घकाळ टिकून राहतो. मानवी पेशीला अल्पकाळात संपवणारा विषाणू डासाला निरोगी वाहक म्हणून वागवतो, यातच साथीच्या प्रसाराचे मर्म आहे.

मार्ग अनेक, हेतू एक

पेशीचा आवाज बंद करण्याची ही युक्ती एकट्या चिकुनगुन्याची नाही. पोलिओचा विषाणू संदेश रायबोसोमपर्यंत नेणारे एक प्रथिन छेदतो. नागीण कुळातील साधा हर्पिस विषाणू आपल्यासोबत असे प्रथिन आणतो की ते पेशीतील तयार संदेशांचेच तुकडे करते. २०२० पासून अभ्यासल्या गेलेल्या कोविडच्या विषाणूतील एनएसपी-१ हे प्रथिन रायबोसोममध्ये संदेश शिरण्याच्या मार्गातच बुचासारखे बसते. नागपूरजवळच्या चांदीपूर गावाच्या नावाने १९६५ पासून ओळखल्या जाणाऱ्या चांदीपुरा विषाणूच्या कुळात वेसिक्युलर स्टोमॅटायटिसचा विषाणू येतो. तो संदेशांना केंद्रकाच्या दाराबाहेर पडू देत नाही.

इन्फ्लुएन्झाचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. त्याला स्वतःचे संदेश तयार करण्यासाठी पेशीच्या नव्या संदेशांची टोके तोडून घ्यावी लागतात. त्यासाठी पॉलिमरेज-२ चालू असावे लागते. म्हणजे जे विकर चिकुनगुन्याचा विषाणू नष्ट करतो, त्याच विकराच्या कामावर इन्फ्लुएन्झाचा विषाणू आपली उपजीविका करतो.

‘सर्व विषाणूंवर एकच गुणकारी’ अशी जाहिरात करणाऱ्या औषधांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. एका विषाणूला जे हवे, ते दुसऱ्याला नको आहे. ताप, अंगदुखी आणि थकवा ही लक्षणे समान दिसली तरी पेशीतील संप्राप्ती भिन्न आहे. लक्षणसाम्यावरून संप्राप्तीचे ऐक्य गृहीत धरू नये, हा तर आपल्याच निदानशास्त्राचा पहिला पाठ आहे.

ज्वर उतरतो, सांधा का दुखतो?

पेशीचा आवाज बंद झाला असेल, तर मग ज्वर येतो कसा, अशी शंका येथे येणे स्वाभाविक आहे. शरीरातील सर्व पेशी एकाच वेळी बाधित होत नाहीत. ज्या पेशींवर नाकेबंदी पूर्ण झाली त्या मुक्या होतात. परंतु ज्यांत ती अपुरी राहिली त्या पेशी, आणि मृत पेशींचे अवशेष गिळणाऱ्या भक्षक पेशी, धोक्याची सूचना देतच राहतात. त्यामुळे रुग्णाच्या रक्तात इंटरफेरॉन आणि अन्य दाहजनक प्रथिने मोठ्या प्रमाणात आढळतात. ज्वर, गात्रशूल आणि ग्लानी ही लक्षणे प्रामुख्याने त्यांचीच. बाधित पेशीतील मौन आणि शरीरभरचा कोलाहल अशा दोन विरोधी घटना या व्याधीत एकाच वेळी घडतात.

पहिल्या आठवड्याच्या सुमारास रक्तातील विषाणू बहुधा नाहीसा होतो. तरीही काही रुग्णांचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात. याचे कारण अद्याप पूर्ण उलगडलेले नाही. रीयुनियन बेटावरील एका दीर्घकालीन रुग्णाच्या सांध्याच्या आवरणातील भक्षक पेशींत अठरा महिन्यांनंतरही विषाणूचे अंश दिसले. उलट २०१८ साली कोलंबियातील रुग्णांच्या सांध्यांतील द्रव साथीनंतर सुमारे दोन वर्षांनी तपासला असता त्यात विषाणू सापडला नाही. वेदना मात्र होती. म्हणजे आग लावणारा निघून गेला तरी धग राहू शकते. दाह चालू ठेवणारी जनुके सांध्यातील पेशींत दीर्घकाळ वाचली जात राहतात, असे आज मानले जाते.

पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेतील डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या साथीनंतर ग्रामीण महाराष्ट्रात रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. बहुसंख्य रुग्ण बरे झाले आणि थोड्यांतच वेदना दीर्घकाळ राहिल्या, असे त्यातून दिसले. हा निष्कर्ष आपल्याला नम्र करणारा आहे. ज्या व्याधीतून बहुतेक रुग्ण काळाच्या ओघात बरे होतात, तिच्यात शंभरांपैकी नव्वद रुग्णांना आमच्या औषधाने गुण आला, या अनुभवावरून औषधाचे श्रेय सिद्ध होत नाही. तुलनेसाठी दुसरा गट असल्याशिवाय औषधाचा गुण आणि काळाचा गुण वेगळे करता येत नाहीत.

काचेच्या भांड्यातील यश

आता माहितीपत्रकांकडे वळू. अमुक वनस्पतीच्या अर्काने विषाणूची वाढ इतके टक्के रोखली, असे विधान आज अनेक उत्पादनांच्या कागदांवर असते. हे प्रयोग बहुधा खरे असतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपल्या कालमेघातील अँड्रोग्राफोलाइड या घटकाने पेशीसंवर्धनात चिकुनगुन्याची वाढ कमी केल्याचे आढळले. ही उत्साह देणारी बातमी आहे. तिच्यावरून कालमेघ चिकुनगुन्या बरा करतो, हे मात्र ठरत नाही. त्याची तीन कारणे वरील विवेचनातूनच निघतात.

पहिले कारण असे. विषाणू पेशीच्या पाकशाळेवर जगतो. त्यामुळे जे द्रव्य पेशीलाच अपाय करते, तेही विषाणूची वाढ कमी करते. पाकशाळा जाळली तर चोरालाही अन्न मिळणार नाही, पण ते संरक्षण नव्हे. म्हणून प्रत्येक प्रयोगात विषाणूला रोखणारी मात्रा आणि पेशीला इजा करणारी मात्रा यांत किती अंतर आहे, हे पाहणे अनिवार्य ठरते.

दुसरे कारण काळाचे. पुष्कळ प्रयोगांत द्रव्य विषाणूच्या आधी किंवा त्याच्याबरोबर पेशींत घातले जाते. आपल्याकडे रुग्ण येतो तो ज्वराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. बाधित पेशीतील नाकेबंदी तर काही तासांत पूर्ण झालेली असते. आधी दिलेल्या द्रव्याचे फळ नंतर दिलेल्या द्रव्याला लावता येत नाही.

तिसरे कारण देहाचे. काचेच्या भांड्यातील अर्क पेशीला थेट भिडतो. आपले चूर्ण, क्वाथ किंवा वटी यांना जठराग्नी, आतडे आणि यकृत यांतून जावे लागते. मुखावाटे दिलेल्या मात्रेतून सांध्यापर्यंत तेवढे द्रव्य पोहोचते का, हा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आधुनिक औषधाचेच आहे. क्लोरोक्विन पेशीसंवर्धनात चिकुनगुन्याला रोखते. म्हणून २००६ साली रीयुनियन येथे रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तीव्र अवस्थेत लक्षणीय लाभ दिसला नाही, आणि दोनशेव्या दिवशी क्लोरोक्विन घेतलेल्यांपैकीच अधिक जणांनी सांधेदुखीची तक्रार केली. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या माकडांवरील अभ्यासात या औषधाने विषाणूचे प्रमाण उलट वाढल्याचे आढळले. जे क्लोरोक्विनच्या बाबतीत घडले, ते आपल्या एखाद्या वनस्पतीच्या बाबतीत घडणार नाही, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ हा शब्दप्रयोगही याच कसोटीवर घासून पाहावा. चिकुनगुन्यात प्रतिकार कोठे दबलेला असतो, तर कोठे भडकलेला. पहिल्या दिवशी बाधित पेशीत तो कमी असतो, आणि तिसऱ्या महिन्यात सांध्यात तो अधिक असतो. अशा व्याधीत नुसते ‘वाढवणे’ हे क्रियापद पुरेसे नाही. काय, कोठे आणि केव्हा, हे सांगितल्यावाचून त्याला चिकित्सेत अर्थ नाही.

शास्त्र आणि व्यवहार

विषाणू म्हणजे संहितेतील अमुक, आणि जनुक म्हणजे अमुक, अशी समीकरणे मांडण्याचा मोह आपल्या लेखनात पुष्कळदा दिसतो. प्रस्तुत लेखकास तो अनाठायी वाटतो. संहितांची थोरवी अशा समीकरणांवर अवलंबून नाही. अवस्थेनुसार चिकित्सा बदलावी, हा त्यांचा आग्रह मात्र येथे तंतोतंत उपयोगी पडतो.

चरकाचार्यांनी नवज्वरात अभ्यंग, स्नान, दिवास्वाप आणि गुरु अन्न निषिद्ध मानले आहे. चिकुनगुन्याचा रुग्ण सांधे दुखतात म्हणून पहिल्याच दिवशी तेल चोळून घेतो, आणि घरातील मंडळीही ते मायेने करतात. या अवस्थेत विश्रांती, लघु आहार, पुरेसे पाणी आणि ज्वराचे निरीक्षण हेच मुख्य कर्तव्य आहे. स्नेहन-स्वेदनाचा विचार ज्वर उतरून, भूक लागून, आमाची लक्षणे गेल्यावर करावा.

निदानाबाबतही अवस्था पाहावी. पहिल्या आठवड्यात विषाणूचा आरएनए शोधणारी पीसीआर तपासणी उपयोगी पडते. आयजीएम प्रतिपिंडे साधारणतः पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम तपासणी नकारात्मक आली म्हणून चिकुनगुन्या नाही, असे म्हणता येत नाही. याच डासामुळे डेंग्यूही पसरतो, आणि दोन्ही व्याधी एकाच गावात एकाच वेळी असू शकतात. डेंग्यूची शक्यता दूर होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके रुग्णाने परस्पर घेऊ नयेत, हे प्रत्येक वैद्याने व औषधविक्रेत्याने बजावून सांगावे. सतत उलटी, तीव्र पोटदुखी, रक्तस्राव, गुंगी किंवा हातपाय थंड पडणे यांपैकी काहीही दिसले, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. नवजात अर्भके, गर्भवती आणि वृद्ध यांच्याबाबत विशेष सावध राहावे.

दीर्घकालीन संधिशूलात आपल्या चिकित्सेला खरा वाव आहे. येथे विषाणू मारण्याचा दावा करण्याची गरजच नाही. दाह, वेदना आणि जखडलेपणा कमी करून रुग्णास पुन्हा शेतात, घरकामात उभे करणे, हे उद्दिष्ट पुरेसे मोठे आहे. त्याची परीक्षाही रीतसर करता येते. उपरोल्लेखित पुण्याच्या संस्थेने गुडघ्याच्या संधिवातात ४४० रुग्णांवर आयुर्वेदीय योगांची ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी तुलना करून ती २०१३ साली प्रसिद्ध केली. आपले योग त्या तुलनेत टिकले. त्याच वेळी काही रुग्णांत यकृताच्या विकराचे प्रमाण वाढल्याचेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवले. लाभ आणि दोष दोन्ही मांडणारे असे काम चिकुनगुन्योत्तर संधिशूलावरही व्हावयास हवे. जिल्ह्यातील वैद्यांनी निदान प्रत्येक रुग्णाचा आरंभदिन, तपासणी, दिलेले योग आणि तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्याची स्थिती एका ठरावीक नमुन्यात नोंदवली, तरी पुढील साथीत आपल्या हाती आठवणींहून अधिक काही असेल.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती

संधिशूलाच्या रुग्णाला दोन दिवसांत उठून चालायला लावणाऱ्या बेनामी पुड्या बाजारात मिळतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. स्टेरॉइडही जनुकांच्याच अभिव्यक्तीवर काम करते. ते पेशीतील आपल्या ग्राहीला जोडले जाऊन केंद्रकात जाते आणि दाह निर्माण करणाऱ्या जनुकांचे वाचन मंद करते. म्हणूनच गुण इतका झटपट दिसतो. परंतु तीव्र संसर्गात, जेथे पेशीची सूचनायंत्रणा आधीच विषाणूने दाबली आहे, तेथे ती आणखी दाबणे घातक ठरू शकते. दीर्घकाळ घेतल्यास रक्तशर्करा वाढते, हाडे ठिसूळ होतात, शरीरातील नैसर्गिक स्राव मंदावतो, आणि औषध अचानक बंद केल्यास जीवावर बेतते. योग्य निदानानंतर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्टेरॉइड देणे वेगळे, आणि आयुर्वेदाच्या नावाखाली रुग्णाला नकळत खाऊ घालणे वेगळे. ज्या उत्पादनावर परवाना क्रमांक, घटक, उत्पादक आणि तुकडी क्रमांक नाही, ते दुकानात ठेवूच नये.

१९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत ज्वर आणि संधिवात यांचा समावेश आहे, याचे भानही फलक लावताना ठेवावे. उत्पादकाचा प्रतिनिधी ‘विषाणूनाशक’ म्हणून काही घेऊन आला, तर त्याला चार प्रश्न विचारावेत. प्रयोग पेशींवर झाला की रुग्णांवर? पेशींवर झाला असल्यास त्या मात्रेत पेशी जिवंत होत्या का? द्रव्य संसर्गाआधी दिले की नंतर? रुग्णांवर झाला असल्यास तुलनेचा गट होता का? उत्तरे समाधानकारक असतील तर उत्पादन अवश्य ठेवावे.

शेवटी डासाविषयी. पेशीत शिरलेल्या विषाणूला काही तासांत जे साधते, त्यावर आज आपल्यापाशी खात्रीचे औषध नाही. त्याला पेशीपर्यंत पोहोचू न देणे मात्र हाती आहे. एडिस इजिप्ती हा डास घरातील स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. आपला जिल्हा टंचाईचा, त्यामुळे रांजण, हौद आणि टाक्या भरून ठेवणे अपरिहार्य. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळण्यास सांगितले जाते. परंतु नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्या स्थितीतही कित्येक महिने टिकतात. भांड्याची आतली बाजू घासून मगच पाणी भरावे. चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल यांच्या विकृतीकडे वैद्याचे लक्ष वेधले आहे. त्यांतील उदकाकडे लक्ष देण्यास कोणत्याही औषधाची प्रतीक्षा करावी लागत नाही. प्रत्येक ज्वररुग्णाच्या चिठ्ठीवर औषधांखाली ‘रांजण घासून कोरडा करणे’ एवढी एक ओळ जिल्ह्यातील वैद्यांनी पुढील पावसाळ्यापासून लिहावी, अशी नम्र सूचना करून हा लेख पूर्ण करतो.